सड्यावरचं ओझं

विजयदुर्गच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि माझ्या पाठीवर चौदा किलो होते. आकडा पक्का माहीत होता, कारण निघण्याआधी सॅक घरच्या वजनकाट्यावर ठेवून तिचा फोटो काढला होता. तंबू, स्लीपिंग बॅग, फोमची मॅट, गॅसचा छोटा स्टोव्ह, पावसाचं जॅकेट (एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात!), तीन टीशर्ट, दोन पँट, पॉवर बँक, हेडलॅम्प, चाकू, दोर. आणि पाणी दोन लिटर. म्हणजे चौदा किलोंत पाणी दोन किलो. हे गणित तेव्हा मला विचित्र वाटलं नव्हतं.

बेत साधा होता. किल्ला बघायचा, मग गिर्ये, पडेल करत पायी देवगडकडे सरकायचं आणि वाटेत कुठेतरी तंबू ठोकायचा. सोबत एक मित्र होता. सह्याद्रीतले बरेच किल्ले आम्ही एकत्र केले होते, पण सगळे पावसाळ्यात किंवा थंडीत. कोकणाची किनारपट्टी उन्हाळ्यात पायी केलेली नव्हती. मोबाइलवर तापमान तेहतीस अंश दाखवत होतं. विदर्भात त्या दिवशी चव्वेचाळीसच्या आसपास होतं, म्हणून आम्ही खुशीत होतो.

साडेबाराला गिर्येच्या सड्यावर मित्र खाली बसला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात तिथे फुलं येतात, एप्रिलमध्ये तो तव्यासारखा तापतो. लांब पवनचक्क्या दिसतात, झाड दिसत नाही. मित्राला मळमळत होतं, पायात गोळे येत होते आणि तेवढ्या उन्हात त्याच्या हातावर शहारे आले होते. मग तो काहीतरी भलतंच बोलायला लागला. आमचं पाणी अकरालाच संपलं होतं.

त्याला कसंबसं खाली वाडीपर्यंत आणलं. पहिल्या घराच्या पडवीत एक आजी आंब्याच्या पेट्यांत गवत भरत बसली होती. तिने काही विचारलं नाही. त्याला पडवीत आडवं करायला लावलं, विहिरीचं पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतलं, ओला पंचा अंगावर टाकला आणि मला सुपाने वारा घालायला बसवलं. तो शुद्धीवर नीट बोलायला लागल्यावरच त्याला मीठ घातलेली पेज घोटघोट पाजली. हे सगळं झाल्यावर तिचं लक्ष सॅककडे गेलं.

"ह्यां वझां कित्याक रे झिला?"

हे ओझं कशाला? मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येणार नाही, पण त्या प्रश्नाच्या मागे लागून मी पुढचे काही महिने जे वाचलं, विचारलं, त्यातून हा लेख झाला आहे. विजयदुर्गसारख्या बंदरात माणसं किमान आठशे वर्षं उन्हातून ये-जा करत आहेत. किल्ल्याची बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापर्यंत, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेली जाते. ही माणसं काय घेऊन चालत होती? आणि काय घेत नव्हती?

*

आधी साहेबांचं सामान पाहू, कारण आपलं आजचं सामान बरंचसं त्याच घराण्यातलं आहे.

इंग्रज विजयदुर्गला मोठ्या तयारीने आले त्यातल्या दोन खेपा इथे सांगण्यासारख्या. पहिली फेब्रुवारी १७५६ मधली. ॲडमिरल वॉटसन समुद्रातून तोफा डागत होता आणि जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख रॉबर्ट क्लाइव्ह होता, तोच तो पुढे पलाशीवाला. तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं आणि दोन दिवसांत किल्ला पडला. त्या काळच्या इंग्रज पायदळाचा गणवेश लाल लोकरी कोटाचा होता. लोकरी कोट घालून कोकणात लढाई! फेब्रुवारी होता म्हणून निभावलं असेल.

दुसऱ्या खेपेला ते आले ते लढायला नाही, सूर्य बघायला. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या किनाऱ्यावरून जात होता. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाचा संस्थापक सर नॉर्मन लॉकियर आपला चमू आणि यंत्रं घेऊन विजयदुर्गला उतरला. मदतीला 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेचे खलाशी होते. त्यांना तालीम देऊन निरीक्षक बनवलं गेलं. खग्रास स्थिती टिकणार होती दोन मिनिटांच्या आसपास, आणि त्यासाठी लोलक लावलेले कॅमेरे, दुर्बिणी, खोकी, झोपड्या असा पसारा समुद्रमार्गे आणलेला. किल्ल्यावर आजही 'साहेबाचे ओटे' दाखवतात.

इथे एक गोष्ट मोकळेपणी सांगायला हवी. लॉकियरने १८६८ साली याच किल्ल्यावरून हेलियम शोधला असं तुम्ही वाचलं असेल, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. पण १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर भारतात नव्हता. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने सूर्याच्या कडेवरचा तो प्रकाश इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, ऑक्टोबरमध्ये पाहिला. विजयदुर्गला तो आला ते तीस वर्षांनी. खरं म्हणजे तारखेवरूनच शंका यायला हवी. ऑगस्टमध्ये कोकणात आभाळ बघायला कोण येईल? १८९८ चं ग्रहण जानेवारीत होतं, कोरड्या आभाळात. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी सोलापूरकडच्या जेऊरला आपला तळ टाकला होता. त्यांची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही.

लॉकियरचा पसारा समजण्यासारखा आहे, तो प्रयोगशाळा घेऊन आला होता. पण त्या काळातला कुठलाही साधा साहेब हिंदुस्थानात चार पावलं चालायला निघाला तरी त्याच्या अंगावर काय असायचं ते बघा. डोक्यावर सोला हॅट. ही एका पाणवनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्याची करत. आपल्याकडे त्याला भेंड म्हणतात, नवरदेवाची बाशिंगं त्याचीच व्हायची. पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा, त्याचं नावच कॉलरा बेल्ट. पोटाला गारवा लागला की पटकी होते अशी समजूत होती. पाठीच्या कण्यावर जाड कापडाची गादी, म्हणजे ऊन मज्जारज्जूपर्यंत पोचू नये.

यामागे एक पूर्ण सिद्धांत होता. उष्ण देशातला सूर्य नुसता तापवत नाही, त्याचे अदृश्य किरण गोऱ्या माणसाची कवटी आणि कणा भेदून आत जातात आणि त्याला आजारी किंवा वेडा करतात, असं डॉक्टर मंडळी गंभीरपणे लिहीत होती. अमेरिकन लष्कराने तर १९०८ च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये शेकडो सैनिकांना नारिंगी-लाल रंगाचे अंतर्वस्त्र घालून वर्षभर प्रयोग केला. तो रंग घातक किरण अडवील अशी आशा होती. फायदा काही झाला नाही, सैनिकांना फक्त जास्त उकडलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात सैनिक कापडी हॅट घालून लढले आणि कुणाची कवटी भेदली गेली नाही. मग सोला हॅट हळूहळू सरकारी इमारतींच्या खुंटीवरूनही उतरली.

मला हे वाचताना हसू आलं, आणि मग माझं पावसाचं जॅकेट आठवलं. साहेबाने उन्हाला भिऊन जे जे अंगावर चढवलं त्यातल्या बहुतेक गोष्टींनी घामाची वाट अडवली. मीही तेच केलं होतं, फक्त मी पाठीवर चढवलं होतं.

*

घामाचं थोडं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. शरीर गार होतं ते घाम येण्याने नाही, घाम वाळण्याने. एक लिटर घाम वाळला की शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. पण हवेत आधीच बाष्प असेल तर तो वाळत नाही, नुसता गळतो. पाणी जातं, मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. म्हणून नागपूरचे चव्वेचाळीस आणि विजयदुर्गचे तेहतीस यांची तुलना मोबाइलच्या आकड्यावर करता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावर बसलेल्या श्रोत्यांपैकी डझनाहून अधिक माणसं उष्माघाताने गेली, तेव्हाही पारा चाळिशीच्या खालीच होता.

आता पाठीवर सॅक चढवा. घाम वाळायला शरीराची सगळ्यात मोठी सपाट जागा म्हणजे पाठ. ती आपण फोम आणि नायलॉनने झाकून टाकतो. महागड्या सॅकमध्ये आता पाठीपासून लांब ताणलेली जाळी असते, हवा खेळावी म्हणून. या प्रश्नाला किनाऱ्यावरच्या बायकांनी फार पूर्वी उत्तर शोधलं होतं. ते म्हणजे चुंबळ. जुन्या कापडाचं गुंडाळलेलं कडं डोक्यावर ठेवायचं, त्यावर पाटी. पाठ मोकळी, हात मोकळे, आणि पाटीचीच चेहऱ्यावर सावली. १९८६ साली केनियातल्या ल्युओ आणि किकुयु बायकांवर झालेला एक अभ्यास 'नेचर'मध्ये आला होता. स्वतःच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश भार ल्युओ बायका डोक्यावर आणि किकुयु बायका कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर नेत, तरी त्यांची जास्तीची शक्ती खर्च होत नव्हती. पुढच्या अभ्यासांत हे सगळ्यांनाच जमतं असं दिसलं नाही, आणि मानेच्या दुखण्याची किंमतही कुणीतरी मोजलीच असणार. मासळीची पाटी घेऊन चार गावं फिरणाऱ्या बाईला तुझी पद्धत शास्त्रीय आहे म्हणून सांगणं म्हणजे तिचे कष्ट गोड करून घेणं आहे. एवढंच म्हणतो, की दमट हवेत ओझं कुठे ठेवायचं हा विचार इथे आधी झालेला होता.

पुरुष प्रवाशाचं सामान म्हणजे वळकटी आणि गाठोडं. सतरंजी किंवा कांबळं, त्यात चादर, धोतरजोडी, गुंडाळून दोरी बांधली की झालं. इंग्रजांच्या होल्डॉलने पुढे वळकटीला कॅनव्हासचं अंगडं शिवलं, आणि मुंबईच्या बोटीने येणारे चाकरमानी ट्रंकेसोबत तो वागवायला लागले. कांबळं रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण, पावसात खोळ. पाण्यासाठी फिरकीचं झाकण असलेला पितळी तांब्या. खायला दशम्या, पोहे, सातूचं पीठ, गूळ. कोकणात आमसुलं आणि मीठ. गूळ, मीठ, आमसूल, पाणी यांची बेरीज केली तर आपण मेडिकलमधून जी ओआरएसची पुडी आणतो तिच्या बरंच जवळ जातो. पेजेचंही तसंच. तांदळाच्या पेजेत मीठ घालून जुलाबाच्या रोग्याला द्यायचं तंत्र आता वैद्यकाच्या पुस्तकांतही आहे.

आणि पंचा. मला विचाराल तर उन्हाळ्यातल्या पायी प्रवासासाठी माणसाने केलेली सगळ्यात हुशार वस्तू. विरळ विणीचं, हात-दीड हात रुंदीचं सुती कापड. डोक्याला गुंडाळा, मानेवर ओलं टाका, अंग पुसा, पाणी गाळून घ्या, त्यात आंबे बांधा, दगडावर टाकून बसा. झटकून खांद्यावर टाकला की वाळतो. ट्रेकिंगच्या जगात 'सुती कपडे जीव घेतात' असं एक वाक्य नेहमी ऐकू येतं. ते खरं आहे, पण थंड डोंगरात. तिथे ओलं सुती कापड अंगातली ऊब खेचून घेतं. आपल्याला इथे नेमकं तेच हवं आहे! दिवसभर चालायला जाड सुती टीशर्ट नकोच, तो भिजून जड होतो आणि काखा-मांड्या सोलतो. सैल, पातळ, विरळ विणीचा सदरा, सुती असो की सिंथेटिक. विणीला आणि सैलपणाला महत्त्व, लेबलला नाही.

तरी ही यादी अपुरी आहे. त्या माणसांचं खरं सामान सॅकमध्ये भरता येत नाही, कारण ते घड्याळ होतं. चांदण्यात निघायचं, उन्हं चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं, दुपार देवळात किंवा आंब्याखाली काढायची, उन्हं कलली की पुन्हा चालायचं. वाघोटणच्या खाडीतून खारेपाटणकडे जाणारी होडी भरतीबरोबर आत जायची आणि ओहोटीबरोबर बाहेर यायची. घाईला तिथे अर्थच नव्हता. मालवाहू गलबतं पावसाळ्यात किनाऱ्याला ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटत. आम्ही त्या दिवशी साडेनऊला एसटीतून उतरलो, किल्ल्यावर दीड तास फोटो काढले आणि अकराला चालायला सुरुवात केली. आजी पहाटे पाचपासून बागेत होती. घळीने आंबे उतरवून दहाच्या आत गडी घरी आले होते.

आपल्याच इतिहासात याचं उलटं उदाहरणही आहे. पानिपतावर गेलेल्या फौजेबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे यांचा प्रचंड पसारा होता, आणि दख्खनच्या हवेची सवय असलेल्या माणसांकडे उत्तरेतल्या जानेवारीला पुरतील असे गरम कपडे नव्हते. सामान खूप, पण हवं ते नाही.

*

इथपर्यंत मला वाटत होतं की हा लेख 'जुनं ते सोनं' या वाटेने जाणार. हलकं सामान, शहाणी माणसं, मूर्ख साहेब. पण आजीच्या पडवीतल्या दोन गोष्टी डोक्यातून जात नव्हत्या. सावली आणि विहिरीचं पाणी. त्या दोन गोष्टी आम्हाला न विचारता मिळाल्या. पूर्वी त्या कुणाला मिळत होत्या?

सावलीपासून सुरुवात करतो. 'अब्दागीर' हा शब्द तुम्ही देवाच्या पालखीच्या मिरवणुकीत ऐकला असेल. तो मूळ फारसी 'आफताबगीर', आफताब म्हणजे सूर्य. उन्हापासून सावली धरणारी वस्तू. ती आपल्या डोक्यावर दुसऱ्या माणसाने धरायची असते आणि तो मान दरबाराकडून मिळावा लागतो. पेशवाईतल्या सनदांमध्ये पालखी, छत्री, अब्दागीर यांचे मान ही मोठी प्राप्ती होती. आपल्या सगळ्यांत लाडक्या राजाची पदवीच छत्रपती आहे. छत्र म्हणजे राज्य. मग ज्याला राज्य नाही, मान नाही, त्याने छत्री उघडायची की नाही? देशात अनेक ठिकाणी दलितांनी वरच्या जातीच्या घरांसमोरून छत्री उघडून किंवा पायात वहाण घालून जायचं नाही असा दंडक विसाव्या शतकातही होता. भर वैशाखात, तापलेल्या वाटेवर, वहाण काढून हातात घ्यायची आणि छत्री मिटायची.

हे वाचल्यावर मी माझ्या 'उन्हाळी ट्रेकसाठी काय घ्याल' या यादीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. छत्री आणि चपला. यादीतल्या सगळ्यात साध्या दोन वस्तू.

आणि पाणी. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात १९०१ सालचा एक प्रवास लिहिला आहे. साताऱ्याहून ही मुलं, म्हणजे भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीकडची मुलं, वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली होती. प्रवासाची तयारी मोठ्या हौसेने झाली होती. इंग्रजी धाटणीचे नवे सदरे, भरजरी टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. सोबत खाण्याचा भरपूर डबा. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार या अटीवर. रात्र झाली. डबा भरलेला होता, पण पाणी कुणी देईना. टोलनाक्यावरही मिळालं नाही. पाण्याशिवाय घास उतरेना, आणि पोरं उपाशी झोपली.

प्रवासाच्या सामानाबद्दल मराठी माणसाने लिहिलेलं यापेक्षा मोठं पान मला माहीत नाही. त्या मुलांच्या तयारीत काही चूक नव्हती. कपडे होते, अन्न होतं, पैसे होते. जे नव्हतं ते सामान नव्हतंच. ते वाटेवरच्या माणसांच्या हातात होतं आणि त्यांनी दिलं नाही. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं.

म्हणून 'पूर्वीची माणसं किती कमी सामानात फिरायची' हे वाक्य आता माझ्या तोंडून सहज निघत नाही. पितळी तांब्या एकच पुरायचा, कारण पुढच्या गावात विहीर होती आणि तुम्ही त्या विहिरीवर चालणारे होतात. हलकं फिरणं हे काही जणांचं वतन होतं. ज्याला कुठली विहीर चालेल याचा भरवसा नाही, त्याला पाणी घेऊनच निघावं लागतं किंवा तहानेने चालावं लागतं.

*

सॅकचं पुढे काय केलं ते सांगतो, कारण एवढं वाचून तुम्ही तेच विचाराल.

स्लीपिंग बॅग विकली. तिच्यावर 'थ्री सीझन' असं लिहिलेलं होतं आणि दुकानात मला सांगितलं गेलं की तिन्ही ऋतूंत चालते. मी समजलो उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ते तीन ऋतू युरोप-अमेरिकेतले, बर्फ सोडून उरलेले. विजयदुर्गच्या एप्रिलचा त्यात हिशोबच नाही. किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्री लागतं काय, तर खाली एक चटई, वर पातळ चादर आणि मच्छरदाणी. तंबूत हवा कोंडते, त्यापेक्षा देवळाची ओसरी बरी, विचारून.

सॅक आता रिकामी आठशे ग्रॅमची आहे. पाठीला जाळी आहे. सगळं भरून, पाणी धरून, साडेसात किलो. त्यात पाणी चार लिटर, म्हणजे निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं, आणि ते उतरत जाणारं वजन आहे. दोन पंचे. मीठ, गूळ, आमसुलं आणि ओआरएसच्या चार पुड्या. रुंद काठाची कापडी हॅट. आणि छत्री, आतून काळी, बाहेरून चंदेरी. पहिल्यांदा सड्यावर उघडली तेव्हा लाज वाटली. ट्रेकर माणूस छत्री घेऊन! अमेरिकेत हलक्या सामानाचा प्रचार करणारे लोक आता वाळवंटात छत्र्या वापरतात हे सांगितल्यावर मित्राची लाज गेली, माझीही. आपल्याला आपलीच वस्तू अशी लांबून फिरून आल्यावर चालते.

अशीच एक बाई तिकडे होऊन गेली, एमा गेटवूड. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली ॲपलाचियन वाट ती एकटी चालली. पायात कापडी बूट, पावसासाठी न्हाणीघराचा पडदा आणि एका खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. आमच्या आजीने ती बघितली असती तर गाठोडंच म्हणाली असती. वाटेत तिला लोकांनी घरात झोपायला दिलं, जेवायला घातलं, आणि काहींनी दारातूनच परत पाठवलं.

बाकी माहिती थोडक्यात. बरोबरचा माणूस उन्हात असंबद्ध बोलायला लागला तर आधी त्याला गार करा, सावली, पाणी, वारा, आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आम्ही फोन लावला नव्हता. रेंज नव्हती हे खरं, पण ती शोधायचंही मला सुचलं नव्हतं. आजीने जे क्रमाने केलं ते तिला कुणी शिकवलं, ते विचारायचं राहिलं.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. मुद्दाम बावीस तारीख धरली, लॉकियरची. पहाटे सहाला किल्ल्यापासून निघालो आणि साडेआठला गिर्येच्या सड्यावर होतो. हवेत गारवा होता, जांभा पायाखाली थंड होता. वाडीत उतरून आजीचं घर शोधलं. ती परसात होती. तिने मला ओळखलं नाही, मित्राला मात्र लगेच ओळखलं. पडवीत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या सॅककडे बघून म्हणाली, "ह्यां बरां." मग तिची नजर छत्रीवर गेली. जानेवारीच्या कोरड्या सकाळी छत्री कशाला, हे तिला काही केल्या पटेना.

आम्ही बाटल्या भरून घ्यायला विहिरीवर गेलो. रहाटाला दोर होता, काठावर कळशी पालथी घातलेली होती. कुणाची ते विचारलं. आजी म्हणाली, ज्याला पाणी हवं त्याची.